सरकीच्या खिरीचा हंगाम

सरकीचा दाणा आडवा कापून कोणी पाहत नाही. तसे करायला काही कारणही नसते. जीनमध्ये रुई एका बाजूला जाते, सरकी दुसऱ्या बाजूला पडते. तिचे तेल निघते, ढेप होते, उरलेली सरकी बैलांपुढे जाते. पण एखादा दाणा धारदार पात्याने कापून भिंगाखाली धरला, तर पिवळट गरात बारीक काळे ठिपके दिसतात. कोणी मिरपूड शिंपडून ठेवावी तसे. माझी नोकरी या ठिपक्यांची आहे. पाहुण्यांनी विचारले तर मी रसायनशाळेत असतो एवढेच सांगतो. पुढचे सांगू लागलो की ऐकणाऱ्याची नजर दाराकडे जाते, हे मला अनुभवाने कळले आहे.

दिवाळी झाली आणि मी पुन्हा हिंगणघाटला आलो. दर वर्षी असाच येतो. वर्ध्याचे बिऱ्हाड वर्ध्यालाच राहते आणि मी होळीपर्यंत इथल्या तेलगिरणीच्या आवारातल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत काम करतो. ताजी सरकी हवी म्हणून यावे लागते. पोत्यांची थप्पी लागली की आतली सरकी आपोआप तापते, हात घातला तर ऊब लागते. अशा सरकीचे आकडे विश्वासाचे नसतात. म्हणून हंगाम सुरू झाला की मी पिशवी भरतो.

यंदाही सगळे तेच आहे. वणा नदीच्या पुलापासून जीनच्या फाटकापर्यंत कापसाच्या बंड्या उभ्या आहेत. गाडीवान बंडीखालीच भाकरी खातात, तिथेच झोपतात. पहाटे भोंगा होतो. हवेत कापसाची लव असते. ती भुवयांवर बसते, चहात पडते, जिभेला लागते. दुपारी कुठूनतरी भाजलेल्या ढेपेचा खमंग वास येतो. या वासाने बहुतेकांना भूक लागते. मला अल्लीपूर आठवते. आणि यंदा तर आठवण्याला एक ताजे कारणही झाले आहे. ते ओघाने येईल.

आधी त्या ठिपक्यांविषयी थोडे सांगतो, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. त्यांच्यात एक पिवळे द्रव्य असते, गॉसिपॉल नावाचे. दाणा अखंड आणि कोरडा असतो तोवर ते आपल्या ठिपक्यात मुकाट असते. दाणा भरडला, भिजला, तापला की ठिपके फुटतात आणि ते बाहेर येते. बाहेर आले की फार वेळ एकटे राहत नाही. जवळच्या प्रथिनाला धरते. प्रथिन म्हणजे एक लांब साखळी, आणि तिला ठरावीक ठिकाणी बाहेर आलेले हात आहेत असे समजा. हे द्रव्य नेमके तेच हात पकडते आणि मग सोडत नाही. आम्ही दोन आकडे काढतो : मोकळे किती आणि बांधलेले किती. मोकळे असते ते विषारी. बांधलेले बहुतेक पोटातून तसेच निघून जाते. मग भरपूर शिजवून सगळेच बांधून टाकावे, असे कोणालाही वाटेल. पण जो हात ते पकडते, तोच शरीराला वाढीसाठी हवा असतो. कच्च्या सरकीवर ठेवलेले उंदीर खाणे सोडतात, त्यांचे केस विसकटतात, वजन उतरते. फार शिजवलेल्या सरकीवर ठेवलेले उंदीर मरत नाहीत आणि वाढतही नाहीत. या दोहोंच्या मधली अरुंद पट्टी सापडली, तर ढेपेपासून लहान मुलांच्या लापशीत घालता येईल असे पीठ करता येईल. त्या पट्टीचा शोध हेच आमचे काम.

मी ज्या हंगामाविषयी लिहितो आहे, तेव्हा आपला जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. माझी चाळिशी जवळ आली होती आणि लग्नाला बरीच वर्षे होऊन आम्हाला पहिले मूल होणार होते. वत्सलेचे माहेर अल्लीपूरचे. दसऱ्याच्या आधी तिला तिथे पोचवले आणि दिवाळी होताच मी इकडे आलो. मुलगी झाल्याचा निरोप कापसाच्या बंडीवरून आला. गाडीवान फाटकातूनच ओरडला, “साहेब, पोरगी झाली, फुटलेल्या कापसाच्या बोंडावानी पांढरी हाये!” त्याला मी चहा पाजला. माझ्या हातात त्या वेळी परीक्षानळी होती आणि ती मी खाली कुठे ठेवली, हे मला नंतर सापडेना.

शनिवारी संध्याकाळी काम आटोपले की मी अल्लीपूरकडे परतणाऱ्या रिकाम्या बंडीत बसत असे. बंडीच्या साट्यात कापसाचे चुकार पुंजके राहिलेले असत, त्यांवर पाठ टेकली की हाडे कमी दुखत. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी. कुठे पहिली वेचणी झालेली, कुठे अजून पांढरे उभे. एखाद्या धुऱ्यावर सीतादहीच्या, म्हणजे वेचणीआधीच्या पूजेच्या, दहीभाताचा द्रोण वाळून पडलेला. गाडीवान बोलका असला तर बोले, नसला तर बैलांच्या घुंगरांवर वाट सरे. बाप झाल्यावर माणसाला काय वाटते, असे कोणी विचारले असते तर मी सांगितले असते की रस्ता लांब वाटतो.

पोर हाताला हलकी लागली. मी रोज उंदरांची पिल्ले हातात घेतो, तराजूवर ठेवण्याआधीच वजन वाढले की उतरले हे माझ्या तळव्याला कळते. त्या दिवशी माझ्या तळव्याला जे कळले ते मी कोणाला बोललो नाही. वत्सलाच बोलली.

“दूध पुरत नाई तिले,” ती म्हणाली. “ओढते, रडते, झोपून जाते.”

“बकरीचं देऊन राह्यलो वरून,” सासूबाई म्हणाल्या. मी त्यांना मामी म्हणतो. “पन आईचं ते आईचं. उद्यापासून सरकीची खीर सुरू करू म्हन्लं.”

“सरकीची?”

“मंग कायची? बाळंतिनीले सरकीचीच खीर देतेत, जावईबापू. भिजवाची, वाटाची, फडक्यातून पिळाची. जे दूध निघते त्याच्यात तांदळाचं पीठ अन् गूळ. दूध उतरते त्यानं. तुमच्या घरी नाई करत का?”

माझी आई मी लहान असतानाच गेली. आमच्या घरी काय करतात हे मला सांगता येईना. परसात पाहिले तर एका गंजात सरकी भिजत घातलेलीच होती. पाण्याला पिवळी झाक आली होती. ती झाक मला ओळखीची होती.

“मामी, त्यात एक विषारी द्रव्य असतं,” मी म्हणालो.

“इख?” मामींनी कपाळाला हात लावला. “अवो बाप्पा, माह्या सासूनं मले हेच खाऊ घातलं. पाच लेकरं झाले मले, पाचही धडधाकट. बैलाईले तं रोज घालतो आमी, पाहा पोळ्याले कसे दिसतेत!”

“बैलाचं पोट वेगळं असतं. ते द्रव्य त्याच्या पोटात बांधलं जातं.”

“अन् बाईच्या?”

“बाईचं कोणी पाहिलं नाही अजून.”

“बाईचं कोनी पाह्यत नाई, हे मात्र खरं बोलले,” असे म्हणून मामी रडणाऱ्या पोरीला उचलायला गेल्या.

वत्सला भिंतीला टेकून बसली होती. डोक्याला बांधलेला रुमाल तिने नीट केला आणि म्हणाली, “तुम्ही म्हणाल तसं करू. हे तं तुमचंच काम आहे.”

त्या वाक्याने मला बरे वाटले, हे लपवत नाही. इतक्या वर्षांत माझे काम घरात कोणाच्या उपयोगी पडण्याची ही पहिलीच वेळ होती. मी म्हणालो, शिजल्यावर मोकळे किती उरते ते तपासून सांगतो. मामींनी त्याच संध्याकाळी खीर केली आणि एका झाकणाच्या पितळी डब्यात मला भरून दिली. बंडीत तो डबा मी मांडीवर धरून आणला.

आमची पद्धत रंगावर चालते. नमुना द्रावात भिजवायचा, मोकळे द्रव्य त्यात उतरते. त्यात दुसरे एक रसायन घातले की पिवळा रंग गडद होतो. तो रंग यंत्रात पाहून आकडा काढायचा. सरकीवर, ढेपेवर, पिठावर ही पद्धत चांगली चालते. खिरीवर चालेना, कारण खिरीत गूळ होता. गुळाचा तांबूसपणा त्या पिवळ्यात मिसळून गेला. मी नुसत्या गुळाचे पाणी करून त्याचा रंग वजा केला. पण गूळ शिजताना जास्त तांबूस होतो, तो किती होतो हे ठरेना. मग राधाबाईंकडून, म्हणजे माझ्या घरमालकिणीकडून, चूल मागून घेतली आणि बिनगुळाची खीर शिजवून तपासली. आकडा फार लहान आला. इतका लहान, की तेवढी चूक माझ्या पद्धतीत नेहमीच असते. म्हणजे मोकळे द्रव्य मुळीच नसेल, किंवा थोडे असेल. थोडे असेल तर ते बाळंतिणीच्या दुधातून पोरीपर्यंत जाते की नाही, हे माझ्या माहितीत जगात कोणी तपासलेले नव्हते. मी पुन्हा केले. पुन्हा तेच.

पुढच्या रविवारी सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. मामींच्या हातात परतायचा सराटा होता, तो तसाच राहिला.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो.

“म्हन्जे?”

“म्हणजे अपाय होईल असं सांगता येत नाही, आणि होणार नाही असंही सांगता येत नाही.”

“अवो, पन सरकीचंच तं काम करता ना तुमी? काऊन माहीत नाई मंग? इतके वर्स झाले, ते उंदरं पोसून राह्यले!”

“उंदरांचं माहीत आहे.”

“मंग आधी त्या उंदराईचं बाळंतपन करा!” मामी चुलीकडे वळल्या. “म्या तं खीर करून राह्यली. तुमाले समजंल तवा सांगजा.”

वत्सला माझ्याकडे पाहत होती आणि मी पोरीच्या पायाकडे. मला एक शब्द बोलायचा होता. हो म्हणालो असतो तर सगळे घर हसले असते. नाही म्हणालो असतो तरी चालले असते. मामींनी दोन दिवस तोंड फिरवले असते आणि मेथीचे लाडू वळले असते. मला दोन्ही म्हणता येईना. पुष्कळांनी नंतर मला सांगितले की अशा वेळी माणसाने काहीतरी एक बोलावे. मला आजही ते पटत नाही. मला जे माहीत नाही ते मला माहीत आहे, असे मी माझ्या साहेबांपुढे म्हटले नसते. मग ज्या दोघी माझ्या शब्दावर उद्या जेवणार, त्यांच्यापुढे कसे म्हणू?

निघताना मामी वाटीत खीर घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि रिकाम्या हाताने बाहेर आल्या. वत्सलेने वाटी घेतली होती. म्हणजे ठरले, असे मी समजलो. माझ्या शब्दावाचून ठरले.

त्या आठवड्यात मी सरकी विकत आणली आणि राधाबाईंच्या परसात पाटा-वरवंटा मांडून बसलो. राधाबाईंचे यजमान कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये फिटर. त्या स्वतः मोठ्या आवाजाच्या, मोठ्या मनाच्या बाई. त्या नळावरून घागर घेऊन आल्या आणि थबकल्या.

“काय करून राह्यले जी, मास्तर?” मी मास्तर नव्हतो, पण चष्म्यामुळे त्यांनी मला पहिल्या दिवसापासून तेच नाव दिले होते.

“सरकीची खीर.”

“वैनी येऊन राह्यल्या का?”

“नाही. मलाच खायची आहे.”

घागर खाली ठेवून त्या ओट्यावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “अवो माय! कितवा महिना मास्तर? सांगाचं तं होतं, डिंक आनून ठेवला असता!”

दुसऱ्या दिवशी गल्लीला कळले. नळावरच्या बायका मला वाट देऊ लागल्या, जपून जा म्हणू लागल्या. प्रेसच्या काट्यावर मी आठवड्यातून एकदा वजन करून घेत असे, तिथला मापाडी म्हणाला, “साहेब, बसूनच राहा, तुमच्यावरही पट्टी मारून मुंबईले धाडतो.” मी हसत असे. राधाबाईंनी खरोखरच एके सकाळी माझ्या दाराशी डिंकाचे चार लाडू झाकून ठेवले. थट्टा होती, पण लाडवांत तूप कमी नव्हते.

एका माणसाने खीर खाऊन काही सिद्ध होत नाही, हे मला कोणी सांगायला नको होते. त्यातून तो माणूस पुरुष, पोट भरलेला, अंगात दूध नाही. याला प्रयोग म्हणत नाहीत. माझ्या कामाच्या कागदांत मी त्याची एक ओळसुद्धा लिहिली नाही. तरी मी खात राहिलो. दिवेलागणीला अल्लीपूरला वत्सलेपुढे वाटी जात असे, म्हणून मीही दिवेलागणीलाच ताटली घेऊन बसत असे. खीर चवीला वाईट नसते. दाट, किंचित तुरट, शेवटी जिभेवर तेलकट. पहिला घास घेताना मला वाटायचे की आत्ता तिकडेही पहिला घास चालला असेल. तिला काही झाले तर मलाही होईल. हंगामात घर सोडून राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी बोलायला कोणी नसते. गल्लीतून चुलींचा धूर वर जातो, आयांच्या हाका येतात, आणि त्यांतली एकही हाक आपल्याला नसते. त्या हंगामात त्या वेळेला मी एकटा नव्हतो. निदान माझी समजूत तशी होती. माणसे एकमेकांना धरून असतात ती कशाने, हे मला रसायनात मांडता आले नाही. पण दोन गावी एकच खीर शिजत असेल तर त्यात थोडेफार धरून ठेवणारे काही असावे, असे मी मानून चाललो होतो.

रविवारी मी यातले काही बोलत नसे. खीर करतो हे सांगणे म्हणजे तिच्यावर एक वजन ठेवणे, असे वाटायचे. ती विचारायची, “काम कसं आहे?” मी म्हणायचो, “चालू आहे.” ती मान हलवायची. तिच्या त्या विचारण्यात आणखी एक विचारणे होते, हे मला तेव्हा ऐकू आले नाही.

थंडी सरत आली तशी पोर अंगाने भरली. मान धरू लागली. तिचे नाव उषा ठेवले होते. तळव्याला आता ती चांगली जड लागे. मला वाटले, खीर लागू पडली. त्या रविवारी माझे मन इतके हलके होते की राधाबाईंच्या गंजात खीर घालून, वर फडके बांधून, मी ती बंडीतून घेऊन गेलो. आज सांगू म्हटले. हसतील, हसू देत.

मी पोचलो तेव्हा मामी परसात बकरीच्या दाव्याशी उभ्या होत्या आणि ओरडत होत्या.

“अवो जावईबापू, या, पाहा तुमच्या घरवालीचे गुन! म्या म्हन्तो ही बकरी काऊन माजून राह्यली, काऊन माजून राह्यली! आज पाह्यलं या डोयानं. मागच्या दारानं वाटी घेऊन आली अन् ओतली सारी बकरीच्या कोपरात! रोज! म्या पाट्यावर हात झिजवून राह्यली, अन् बाळंतपन कोनाचं, तं बकरीचं!”

बकरी चाटून पुसून त्या कोपराचा, पसरट भांड्याचा, तळ लख्ख करत होती. दाराच्या चौकटीत वत्सला पोरीला घेऊन उभी होती. पोरीच्या तोंडाशी बकरीच्या दुधात बुडवलेली कापसाची वात होती.

“खाल्ली नाही तू?” मी विचारले. “एकदाही?”

“तुम्ही हो कुठं म्हणाले होते?” ती म्हणाली.

“नाही पण म्हणालो नव्हतो.”

“म्हणूनच तं फेकली नाई. थांबून राह्यली. दर रविवारी विचारत होती ना मी, काम कसं आहे म्हणून. तुम्ही म्हणायचे चालू आहे. म्हटलं चालू आहे, तं थांबू.”

“आणि दूध?”

तिने मान हलवली. “ते नाई थांबलं. संक्रांतीलेच गेलं.”

मामींनाही हे ठाऊक नव्हते. त्या पदर डोळ्याला लावून आत गेल्या. आवाजात राग नव्हता वत्सलेच्या. ती जसे होते तसे सांगत होती, मी तिला आकडे सांगतो तसे. माझ्या हातातला गंज तिने पाहिला. फडके सोडले, आत पाहिले. “हे काय?” म्हणाली. राधाबाईंनी दिली, असे मी म्हणालो. तिने चमचाभर तोंडात घातली, म्हणाली, “गूळ कमी आहे,” आणि गंज बकरीपासून दूर, फळीवर ठेवला.

परतताना बंडीवाला बोलका निघाला. त्याच्या भावाने जामच्या नाक्यावर चहाचे दुकान टाकले होते, त्याची सगळी हकीकत त्याने ऐकवली. मी हूं हूं करत होतो. माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. म्हणजे इतक्या साऱ्या संध्याकाळी ती खीर मी एकटाच खात होतो.

खोलीवर उद्यासाठी भिजत घातलेली सरकी होती. ती राधाबाईंच्या म्हशीला दिली.

त्यानंतर हंगाम येत राहिले, जात राहिले. प्रांत बदलला, पैसे बदलले, आणे मोडून दशमान आले. उषा शाळेत जाते. बकरीच्या दुधावर वाढलेली म्हणून तिचे मामा तिला चिडवतात, ती डोके पुढे करून त्यांना ढुशी मारते. वत्सलेने मला त्याविषयी कधी बोल लावला नाही. मामींनी लावला, लावायचा तितका, आणि मग एके वर्षी त्याच गोष्टीवर आम्ही दोघे हसलोही. वत्सला हसण्यात नव्हती. ती तेव्हा तूर पाखडत होती. एक गोष्ट मात्र झाली. माझे काम कसे आहे, हे तिने पुन्हा विचारले नाही. पाहुण्यांची नजर दाराकडे जाते, तशी तिची जात नाही. ती विचारतच नाही. जेवायला वाढते, उषाच्या अभ्यासाचे सांगते, छपराचे कवेलू फुटले ते सांगते. घरात बोलणे पुष्कळ होते.

गुळाचा तांबूसपणा वजा करण्याची नीट रीत मला मागच्या हंगामात सापडली. बाकीचेही प्रश्न हळूहळू सुटत गेले होते. काही मी सोडवले, बरेचसे दुसऱ्यांनी, दुसऱ्या गावी. व्यालेल्या उंदरिणींवर आम्ही स्वतः पाहिले, पिल्लांची वजने महिनोन्महिने घेतली. आता मला शंका उरलेली नाही. भिजवून, वाटून, पिळून, घरच्या रीतीने खळखळून शिजवलेल्या खिरीत जे द्रव्य असते ते प्रथिनाला घट्ट बांधलेले असते. त्याने अपाय होत नाही.

हे मला कळून सहा महिने झाले होते. मी ते घरी बोललो नव्हतो. का बोललो नाही, याचे मला नीट उत्तर देता येणार नाही. बोललो नसतो तरी कोणी विचारणार नव्हते. पण ठाऊक असलेली गोष्ट न बोलणे मला नीट जमत नाही. ते अंगावर कोरड्या खाजेसारखे राहते. इकडे निघालो त्या रविवारी मी पिशवी भरत होतो. वत्सला उंबऱ्याशी बसून माझ्या सदऱ्याला गुंडी लावत होती. उषा बाहेर खेळत होती.

मी म्हणालो, “त्या खिरीचं नक्की झालं.”

तिने विचारले नाही, कोणत्या खिरीचे. सुई थांबली.

“शिजवली की ते बांधलं जातं. सगळं.”

“म्हणजे,” ती म्हणाली, “खाल्ली असती तं चाललं असतं?”

या वेळी मला माहीत होते. ज्या एका शब्दासाठी ती एक हंगामभर थांबली, तो आता माझ्याजवळ होता, तपासलेला, वजा-जमा करून घेतलेला. तो दिला तर ती थांबली ते फुकट होते, हेही त्यातच आले. आणि माहीत नाही म्हणावे, तर मला माहीत होते.

“हो,” मी म्हणालो.

तिने दोरा दाताने तोडला. गुंडी ओढून पाहिली. खीर खाऊन दूध राहिले असते का, हा दुसरा प्रश्न होता. तो तिने विचारला नाही, आणि त्याचे उत्तर मला आजही माहीत नाही. सदरा घडी करून तिने माझ्या पिशवीवर ठेवला. मग उठली आणि अंगणात जाऊन उषाला हाक मारली. अजून चांगले ऊन होते, मुली रंगात आल्या होत्या, उषा कुरकुरत आली. वत्सलेने तिला ओट्यावर ओढून मांडीत घेतले. पोर आता मांडीत मावत नाही. पाय खाली लोंबत होते, गुडघ्यांना माती लागलेली होती. “सोड ना आई, माहा डाव आहे,” ती म्हणत होती. वत्सला सोडत नव्हती.

मी दारात उभा होतो. ओट्यावर जागा होती. पण मोटारीची वेळ झाली होती, आणि मला कोणी बस म्हटले नव्हते.